अळीव, शतावरी आणि वजनकाटा

बाळंतिणीला दूध यावं म्हणून आपल्याकडे जे जे खायला घालतात, ते सगळं मी खाल्लं आहे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, खसखशीची खीर, शेपूची भाजी, बाजरीच्या भाकरीबरोबर लसणाची चटणी, जेवण झालं की बाळंतशोपा आणि रात्री दुधातून शतावरी कल्प. सासूबाईंनी लातूरहून येणाऱ्या माणसाबरोबर घरच्या तुपाचा डबा धाडला. आत्याने कुठूनसा काढा आणला. त्यात काय काय आहे ते तिलाही सांगता येईना. माझं वजन वाढत होतं. लेकीचं उतरत होतं.

तान्ह्या बाळाचं वजन सुरुवातीला थोडं उतरतंच, हे आता मला ठाऊक आहे. जन्माच्या वजनाच्या 7 ते 10 टक्क्यांपर्यंत उतरलं तर फारसं घाबरायचं कारण नसतं. दोन आठवड्यांच्या आसपास बाळ पुन्हा मूळ वजनावर येतं. आमची बाई काही येईना. तेही अधूनमधून वरचं दूध देत असताना.

सांगलीच्या आमच्या घरी बाळ बघायला येणारं प्रत्येक माणूस दोन प्रश्न विचारायचं. ‘कोणावर गेलीय?’ आणि ‘दूध आहे ना?’ दुसऱ्या प्रश्नाला मी तोंड उघडायच्या आत कोणीतरी ‘जरा कमीच आहे’ असं सांगून मोकळं व्हायचं. कमी आहे हे कशावरून? तर पोर रडते यावरून. पाजून खाली ठेवली की रडते, अर्ध्या तासात पुन्हा मागते, रात्र रात्र अंगावरच असते. मग चिमूटभर खसखस वाढायची, नाहीतर लाडवाचा आकार.

मुळात गाडी घसरली होती ती पहिल्या रात्रीच. सिझेरियन झालेलं, मी गुंगीत. दवाखान्यातल्या सिस्टरने ‘यांना अजून दूध नाही’ असं जाहीर केलं आणि बाळाला डब्याचं दूध बाटलीने पाजून माझ्या शेजारी आणून ठेवलं. पोर गाढ झोपलेली. घरच्यांना हायसं वाटलं. खरं म्हणजे पहिल्या रात्री कोणालाच धो धो दूध नसतं. असतो तो चीक, आणि बाळाला एका वेळी चमचा-दीड चमचाच लागतो. दूध उतरतं ते दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, सिझेरियन असेल तर कधी कधी आणखी थोडं उशिरा. तोवर बाळाने ओढत राहायचं असतं, कारण ओढण्यानेच ते उतरतं. आपल्या देशात जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं 41.8 टक्केच होती, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. त्याच पाहणीत खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी 47.4 टक्के सिझेरियन, सरकारीत 14.3. हे दोन आकडे शेजारी ठेवले की माझ्या डोळ्यांसमोर ती बाटली येते. वास्तविक कमरेत भूल दिलेली असेल तर सिझेरियननंतरही तासाभरात बाळ छातीशी देता येतं. त्यासाठी बाळाला धरून उभं राहणारं कोणीतरी लागतं, एवढंच.

दुखायचं किती, ते लिहायला मला अजूनही नको वाटतं. बोंडांना चिरा पडल्या होत्या. पाजायची वेळ जवळ आली की पोटात गोळा यायचा. तिने तोंड लावलं की मी दुसऱ्या हाताने पलंगाची कड धरायचे आणि दातओठ खात आकडे मोजायचे. आई म्हणायची, ‘पहिलं पहिलं दुखतंच गं.’ सगळ्याच म्हणायच्या. दुखणं ही जणू या व्यवहारातली ठरलेली फी होती.

मिरजेच्या स्तनपान सल्लागार बाईंचा नंबर मामेबहिणीने दिला. घरात जो काही गदारोळ झाला! पाजायला शिकवायला बाई? तीही पैसे देऊन? आत्या तर म्हणाली, ‘गाईम्हशींना कोण शिकवायला जातं?’ तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. नंतर कळलं की माकडांच्या जातीत कधी कधी शिकवावं लागतं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मेट्रो रिचमंड प्राणिसंग्रहालयात झोई नावाची ओरांगउटान आहे. तिची आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे पिल्लाला कसं सांभाळतात हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. पहिलं पिल्लू तिने जवळ घेतलं नाही. 2022 च्या डिसेंबरात दुसरं झालं, तेव्हा तिथे काम करणारी एक बाई स्वतःचं तान्हं बाळ घेऊन तिच्यासमोर बसली आणि पाजून दाखवलं. झोईने टक लावून पाहिलं आणि मग पिल्लाला पाजलं. आत्याला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘बघ, ती फुकट शिकवून गेली.’

तर त्या बाई आल्या. स्कूटरवरून, खांद्याला मोठी पिशवी. आधी चपला काढून न्हाणीघर विचारलं, कोपरापर्यंत हात धुतले. आईने चहा पुढे केला, तो बाजूला ठेवला. पिशवीतून कापडी बाहुली निघाली, लोकरीने विणलेला एक स्तन निघाला (तो बघून आत्या आतल्या खोलीत गेली) आणि बाळाचा वजनकाटा. मग प्रश्न. गरोदरपणात छाती भरली होती का? थायरॉइड आहे का? बाळंतपणात रक्त फार गेलं का? पूर्वी छातीवर काही शस्त्रक्रिया? बाळ दिवसात शू किती वेळा करते, शीचा रंग काय? या शेवटच्या प्रश्नाला आम्ही तिघींनी तीन उत्तरं दिली.

‘बरं,’ त्या म्हणाल्या, ‘आता रोज पाजता तसं पाजा. मी मध्ये बोलणार नाही.’

लेकीला त्यांनी आहे त्या कपड्यांत काट्यावर ठेवलं, आकडा वहीत लिहिला आणि माझ्या शेजारी, जवळजवळ माझ्या खांद्याला खांदा लावून बसल्या. आणि बघत राहिल्या. माझा चेहरा, तिचा गाल, हनुवटी, तिचं मानेपासून पायापर्यंतचं अंग. मधूनच मान वाकवून कान जवळ न्यायच्या. इतक्या दिवसांत मला खायला घालणारे पुष्कळ झाले होते, बाळाला हलवून झोपवणारे झाले होते. पण तिचं तोंड आणि माझं अंग जिथे मिळतं तिथे डोळे लावून कोणी बसलं नव्हतं. लाजेने म्हणा, सोवळ्याने म्हणा, त्या क्षणी सगळे तोंड फिरवायचे किंवा माझ्यावर पदर टाकून निघून जायचे.

अर्ध्या तासाने लेक दमून झोपली. पुन्हा काटा. फरक पाच ग्रॅम.

‘दूध आहे की नाही ते आता बघू,’ म्हणत त्यांनी आईकडून वाटी मागून घेतली. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या जरा मागे ठेवायची, आधी छातीच्या दिशेने दाबायची, मग एकमेकांकडे आणायची, सोडायची. पुन्हा. बोंडाला हातही लावायचा नाही. आधी थेंब आले, मग धार लागली, मग एकदम तीन-चार धारा, आणि वाटीच्या कडेवर आवाज. आई उभी होती ती पलंगावर बसली.

‘दूध आहे, काकू. ते तिच्या पोटात जात नाहीये.’

लेक नुसतं बोंड तोंडात धरत होती. म्हणून चिरा, म्हणून पाच ग्रॅम, म्हणून रात्रभर अंगावर. आणि दूध निघालंच नाही की शरीर ते बनवायचं कमी करतं. जेवढं निघेल तेवढं पुढचं बनतं, असा तो हिशेब. माझ्या लाडवांचा त्यात प्रवेशच नव्हता. बाईंनी अळिवाला नावं मात्र ठेवली नाहीत. ‘खा की, लोह असतं, तुमचं रक्त गेलंय. पण अळीव तुमच्या पोटात जाणार, तिचं तोंड नाही उघडणार.’

मग त्यांनी जे शिकवलं त्यात गुपित असं काही नव्हतं. मी तिला उताणी धरून तिची मान माझ्याकडे वळवत होते. मान वळवून तुम्ही घोटभर पाणी पिऊन बघा, त्या म्हणाल्या. मी प्यायले. ठसका लागला. मग तिचं पोट माझ्या पोटाला लागेल असं अख्खं अंग कुशीवर वळवलं. ज्या बाजूला पाजायचं त्याच्या विरुद्ध हाताने तिला धरलं: तळहात पाठीवर, अंगठा आणि बोटं कानांच्या मागे, डोक्यावर दाब नाही. दुसऱ्या हाताने स्तन खालून धरून जरा चपटा केला. ‘वडापाव कसा खाता? दाबून, ओठांना समांतर. उभा धरून कोणी खातं का?’ तिच्या वरच्या ओठाला बोंडाचा स्पर्श करायचा आणि थांबायचं. हे थांबणंच मला जमत नव्हतं. ती रडायला लागली की मी घाईने कोंबायचे. बाईंनी माझं मनगट धरून ठेवलं. ‘अजून नाही. अजून नाही. जांभईएवढं तोंड उघडू दे... आता!’ आणि बाळाला माझ्याकडे ओढलं. मी वाकायचं नाही, तिला आणायचं. हनुवटी आधी टेकली, खालचा ओठ बाहेर मुडपलेला, काळा भाग वरून दिसतोय पण खालून नाहीसा झालेला.

दुखलं, पण ते जुन्या चिरांचं. कड धरायला गेलेला माझा हात अर्ध्यात राहिला.

‘ऐका,’ बाई कुजबुजल्या. दोन-तीनदा ओढलं की एक बारीक ‘क्ह’ असा आवाज. गिळल्याचा. आईनेही कान लावला. तेवढ्यासाठी आत्याही बाहेर आली. काट्यावर या वेळी चाळीसच्या जवळ फरक दिसला आणि लेकीच्या मुठी, ज्या कायम आवळलेल्या असायच्या, त्या उघड्या पडल्या होत्या. पोट भरल्याची ती खूण असते म्हणे.

चहा गार झाला होता, आईने दुसरा केला. आणि कप हातात देताना, बाईंकडे न बघता विचारलं, ‘मलाही हिच्या वेळी दूध नाही म्हणाले होते. तेव्हाही असंच असेल का हो?’

1988 सालची गोष्ट. मी डब्याच्या दुधावर वाढले. आईने ते लपवलं नव्हतं, पण ‘मला दूधच नव्हतं’ हे वाक्य ती उंची-वजन सांगावं तसं सांगायची. तेव्हा डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र असायचं, डॉक्टरच डबा लिहून द्यायचे. या दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींना बंदी आली ती 1992 च्या कायद्याने. माझ्या पणजीच्या घरात एका वेळी दोन-तीन पाजणाऱ्या बाया असतील. कोणाचं बाळ नीट लागलं नाही तर शेजारची हात घालून सरळ करत असेल. आईच्या पिढीत तो हात डब्याकडे गेला, आणि माझ्यापर्यंत येईतो लाडवांची कृती तेवढी शिल्लक राहिली. बाईंनी आईला एवढंच सांगितलं, ‘काकू, आता सांगता येणार नाही. तेव्हा कोणी बघितलं नसणार.’ आई बराच वेळ कपातल्या सायीशी खेळत होती.

गंमत अशी की हे सगळं बाहेरून आणायची गरज नव्हती. स्तनपानासाठी देशभर काम करणारी बीपीएनआय ही संस्था 1991 च्या डिसेंबरात आपल्या वर्ध्यात स्थापन झाली. आशियातली पहिली दुग्धपेढी 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली. कमी दिवसांच्या, अशक्त बाळांना तिथे दुसऱ्या आयांचं दूध मिळतं. आयआयटी मुंबईच्या डॉ. रूपल दलाल यांनी बाळ कसं धरायचं, कसं लावायचं यावर शिकवणारे व्हिडिओ केले, ते मराठीतही आहेत. मी ते नंतर पाहिले आणि मान्य करते की उत्तम आहेत. तरी माझं मनगट धरून ‘अजून नाही’ म्हणायला व्हिडिओतून कोणी बाहेर येत नाही.

रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ असते. कोजागिरीची रात्र, दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून जाते. एसटी स्टँडवरच्या, सरकारी कचेऱ्यांतल्या पाजायच्या खोल्यांना आपण ‘हिरकणी कक्ष’ असं नाव दिलं, ते मला आवडतं. पण त्या दिवसांत मला या गोष्टीचा रागच यायचा. माझी माया कड्याएवढी होतीच की. मी कडा उतरून आले होते आणि पुढे पोर पितच नव्हती. यावर गोष्टीत काही उपाय नाही.

बाईंनी जाताना कागदावर लिहून दिलं. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजायचं, रात्रीचं चुकवायचं नाही, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. शूचे लंगोट दिवसात सहा किंवा जास्त. वरचं दूध एका दिवसात तोडायचं नाही. वजन बघत बघत कमी करायचं. बाटली बंद, काढलेलं दूध वाटी-चमच्याने. आईने त्यावर माळ्यावरचं चांदीचं बोंडलं शोधून काढलं, चिंचेने लख्ख घासलं, उकळलं आणि त्यातूनच पाजायचा हट्ट धरला. बाळगुटी आणि मध मात्र बाईंनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. आत्या दोन दिवस कोणाशी बोलली नाही. नवरा शनिवार-रविवारी यायचा, त्याने वजनाचा तक्ताच मांडला. कर्जाच्या हप्त्यांचा मांडतो तसा, रंग वगैरे देऊन. रोज सरासरी 25-30 ग्रॅम चढायला लागलं तेव्हा तो बँकेचं व्याज वाढल्यासारखा खूश.

पुढे एकदा उजव्या बाजूला गाठ होऊन ताप भरला. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी गाठ चोळून मोडायला सरसावल्या. त्यांच्या हाताला चांगलाच जोर होता. मी फोन लावला. चोळू नका, शेकू नका, थंड पाण्याची घडी ठेवा, त्या बाजूलाही नेहमीसारखं पाजत राहा, उद्यापर्यंत ताप उतरला नाही तर डॉक्टरांकडे जा. मावशींना फोनवरच ऐकवलं. ‘आमच्याकडं तर चोळत्यात,’ असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण घडी त्यांनीच करून ठेवली.

सगळ्यांचं असंच होतं असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. जिने मला नंबर दिला त्या मामेबहिणीला पुरेसं दूध आलंच नाही. बाळ नीट लागलं होतं, ती रात्री उठून काढत होती, तरी नाही. काही जणींच्या स्तनांत दूध करणाऱ्या ग्रंथीच कमी असतात. कधी थायरॉइड असतो, कधी बाळंतपणात फार रक्त गेलेलं असतं. त्याच बाईंनी तिला तपासून, तिचं वजनाचं टिपण बघून, सरळ सांगितलं की तुमचं जेवढं येतं तेवढं पाजा, उरलेलं वरचं द्या आणि झोपा. तिच्या घरात त्यानंतर लाडवांचा मारा थांबला. ती म्हणते, मला दूध मिळालं नाही पण ‘नाही’ हे तपासून सांगणारं माणूस मिळालं. माझ्या मते फी त्याचीही असते.

आणि फीवरून आठवलं. अशी बाई शोधताना काय बघायचं, असं मला हल्ली विचारतात. आयबीसीएलसी हे स्तनपान सल्लागारांचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा देऊन मिळवलेल्या बाया आता महाराष्ट्रात आहेत. ते नसूनही सरकारी दवाखान्यात वर्षानुवर्षं हात बसलेल्या सिस्टर कधी कधी त्यांच्या तोडीच्या असतात. मी एवढंच बघते, की ती अख्खं पाजणं बसून बघते का, काटा वापरते का, आणि पावडरचा किंवा गोळ्यांचा डबा विकते का. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर मी दारातूनच रामराम करेन.

रजा संपून बँकेत रुजू झाले तेव्हा पंप आणि डबे घेऊन गेले. कायद्याने मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्ट्या मिळतात, हे आमच्या साहेबांना परिपत्रक दाखवून सांगावं लागलं. रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या लेजरांच्या मध्ये खुर्ची टाकून मी दूध काढायचे. खोलीत 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस, असं टिकण्याचं गणित. एप्रिल-मेमध्ये खोलीतल्या चार तासांच्या भरवशावर मी राहायचे नाही, सरळ बर्फाच्या पिशवीत.

गेल्या महिन्यात आमच्या शाखेतली एक मुलगी बाळंत झाली. फोनवर तोच सूर: दूध कमी आहे, दुखतं, सासूबाई अळीव देतायत. मी बाईंचा नंबर देऊ केला. फी ऐकून तिच्या सासूबाईंचा आवाज मागून आला, ‘एवढे?’ मी म्हटलं, न्हाऊ घालणाऱ्या मावशींना सव्वा महिन्याचे किती ठरलेत ते विचार त्यांना. पलीकडे काहीतरी बोलणं झालं. ‘विचारून सांगते,’ ती म्हणाली. संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला, नंबर मागायला. बाळ मागे रडत होतं, आणि तो विचारत होता की काटा त्या आणतात का आपण विकत घेऊन ठेवायचा.